भद्रावतीचं ऊन आणि गाडीबद्दलच्या ऐकीव गोष्टी

वयाच्या 41व्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले. मुलांच्या अब्बूंची नोकरी फिरतीची, अम्मींच्या दवाखान्याच्या फेऱ्या, मुलांच्या शिकवण्या. रिक्षाचा खर्च इतका वाढला की त्यात गाडीचा हप्ता निघेल, असा हिशेब घरात मांडला गेला. एक जुनी, पाच माणसांची पेट्रोल गाडी दारात आली. पेढे वाटले आणि त्याच दिवसापासून सल्ले सुरू झाले.

सकाळी निघण्याआधी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा, असं दीर म्हणाले. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाक, पेट्रोल वाचतं, हे शेजारच्या चाचांनी सांगितलं. रेडिएटरला नळाचं पाणी पुरतं, कूलंट म्हणजे उगाच खर्च, हे कुणी सांगितलं ते आता आठवत नाही. उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो, हे तर सगळ्यांनीच सांगितलं. शिवाय खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक निरोप न चुकता येतो: पेट्रोलची टाकी पूर्ण भरू नका, उन्हाने स्फोट होईल. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. मी मान डोलवत गेले आणि तसंच करत गेले.

मागच्या मे महिन्यात आम्ही नागपूरहून भद्रावतीला गेलो. अम्मींचे धाकटे भाऊ, आमचे मामू, तिथे राहतात. कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपर दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. आता निवृत्त आहेत. चार दिवसांच्या त्या मुक्कामात मी भद्रावती पाहिली आणि माझ्या डोक्यातल्या ऐकीव गोष्टी एकेक करून तपासल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींनी आजवर फक्त पैसे खाल्ले होते. काही मात्र जीवावर बेतणाऱ्या होत्या.

जामचा चहा, वरोऱ्यानंतरची धूळ

फजरनंतर लगेच निघायचं ठरलं होतं. डबे, पाण्याच्या बाटल्या आणि मुलांची भांडणं यात साडेनऊ वाजले. गाडीत मी, अम्मी, पाच महिन्यांची गरोदर नणंद, तिचा तीन वर्षांचा छोटू आणि माझी दोन मुलं. पाच जणांच्या गाडीत सहा जण झाले. "छोटूला कितीशी जागा लागते? माझ्या मांडीवर बसेल," असं म्हणत अम्मी त्याला घेऊन पुढे बसल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही सगळी भावंडं अशीच मांडीवर बसून मोठी झालो.

नागपूर ते भद्रावती अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. बुटीबोरी मागे पडलं की जाम येतं. तिथे हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गापासून चंद्रपूरचा रस्ता फुटतो. जामला चहा घेतला. पुढे वरोऱ्याला मुलांना आनंदवनाबद्दल सांगितलं. बाबा आमटे यांनी 1949 साली कुष्ठरुग्णांसाठी उभारलेलं हे गाव विदर्भातल्या प्रत्येक मुलाने एकदा पाहावं असं आहे. येताना थांबायचं ठरलं.

वरोऱ्यानंतर रस्त्याचा रंग बदलतो. कोळशाचे ट्रक सुरू होतात आणि कडेच्या झुडपांवर काळपट थर दिसायला लागतो. पेट्रोल वाचवायचं म्हणून मी एसी बंद ठेवून काचा उघड्या ठेवल्या होत्या. अम्मींच्या पांढऱ्या ओढणीवर काळी धूळ बसली, छोटू खोकायला लागला. चंद्रपूर जिल्हा देशातल्या सगळ्यात तापणाऱ्या भागांपैकी आहे. मे महिन्यात पारा 45-46 अंशांवर जाणं ही इथे बातमीसुद्धा होत नाही.

भद्रावती थोडक्यावर आली असताना ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला. गाडी बाजूला घेतली. बॉनेटखालून वाफ येत होती. माझा बारा वर्षांचा मुलगा फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावला. तेवढ्यात मागच्या ट्रकमधून एक काका ओरडले, "ए पोरा, हात लावू नको!"

ते खाली उतरले. झाकण उघडलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. आतलं पाणी बंद झाकणाच्या दाबाखाली असतं, म्हणून ते 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि पाण्याचं एकदम वाफेचं कारंजं होतं. तोंड आणि हात भाजून निघतात. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास सावलीत बसा, झाकण हाताला गार लागल्यावरच ते उघडा, एवढं सांगून काका निघून गेले. त्यांचं नावही आम्ही विचारलं नाही. अल्लाह त्यांना खैरियत देवो.

"खाणीत 'म्हणे' चालत नाही"

मामूंच्या घरी पोचेपर्यंत जोहर होऊन गेली होती. जेवणं झाली, बायका-मुलं कूलरसमोर आडवी झाली. संध्याकाळी अंगणात मामूंनी बॉनेट उघडलं, पाण्याच्या डब्यात बोट बुडवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट तांबूस झालं होतं.

"बेटा, यात काय घालतेस?"

"नळाचं पाणी. सगळे म्हणतात चालतं म्हणून."

"हा गंज आहे. इथल्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसतो ना, तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंटने पाणी उकळायचा अंश वाढतो, आणि गंज-क्षार दोन्ही रोखले जातात. थंड देशांत ते पाणी गोठू नये म्हणून घालतात, म्हणून लोकांना वाटतं आपल्याकडे त्याचं काय काम. आपल्याकडे तर जास्त काम. अडीनडीला पाणी घाल, पण मग गावात पोचल्यावर सगळं काढून कूलंट भर."

मग ते जे बोलले ते माझ्या लक्षात राहिलं. "आमच्या खाणीत 'म्हणे' चालत नसे. पाळी सुरू होण्याआधी डंपरच्या ड्रायव्हरने स्वतः गाडीभोवती फिरून टायर, ब्रेक, तेल, दिवे, रिव्हर्सचा भोंगा पाहायचा आणि लिहून सही करायची. घरच्या गाडीत माणसं आपली असतात, तिथे मात्र आपण शेजाऱ्याच्या सांगण्यावर चालतो."

माझ्या बाकीच्या सल्ल्यांची यादी मी त्यांच्यापुढे मांडली. मामू हसले. ते म्हणाले, यातल्या बऱ्याच गोष्टी एकेकाळी खऱ्या होत्या. मारुती 800 सन 1983 मध्ये आली, तेव्हा गाड्यांना कार्ब्युरेटर असायचा. थंडीत चोक ओढून इंजिन गरम केल्याशिवाय गाडी धक्के खायची. 2000 सालाच्या सुमारास इंजेक्शनची इंजिनं सर्रास झाली. आता अर्धा मिनिट थांबून पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवलं की पुरतं. उभ्या गाडीत पाच मिनिटं इंजिन चालवलं तर फक्त पेट्रोल जळतं.

न्यूट्रलचंही तसंच. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की उतारावर इंजिनाला पेट्रोल जाणं जवळपास थांबतं, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये टाकलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, शिवाय इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणजे पैसे वाचत नाहीत आणि धोका वाढतो.

काचा उघड्या ठेवून पेट्रोल वाचवण्याचा हिशेब गावात, हळू चालताना बरोबर आहे. महामार्गावर 80च्या वेगात उघड्या काचांतून घुसणारा वारा गाडीला मागे ओढतो, त्यामुळे बचत फारशी उरत नाही. कोळशाच्या रस्त्यावर तर काचा बंद आणि एसीचं आतलीच हवा फिरवायचं बटण चालू, हेच बरं. दुपारी गाडीत बसताना मात्र आधी दोन मिनिटं दारं उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ द्यायची, मग एसी लावायचा.

टाकीच्या स्फोटाचा निरोप तर निव्वळ अफवा. इंडियन ऑइल कंपनीने स्वतः खुलासा केला आहे की कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरायला उन्हाळ्यातही हरकत नाही. नोझल आपोआप बंद पडल्यावर "वरचे पाच रुपये अजून टाक" म्हणायचं नाही, एवढंच. ती मोकळी जागा पेट्रोलच्या वाफेसाठी असते.

इंजिनचं तेल काळं दिसलं की बदलायला हवं, या माझ्या समजुतीलाही त्यांनी हात घातला. इंजिनातली काजळी स्वतःत धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे, म्हणून ते काळं होतं. बदलायचं ते पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरनुसार किंवा मुदतीनुसार. "पण पुस्तिकेतलं दुसरं पानही वाच," मामू म्हणाले. "धुळीचा प्रदेश असेल तर तेल आणि हवेचा फिल्टर लवकर बदला, असं तिथे लिहिलेलं असतं. नागपूरच्या माणसाला जे पुरतं ते भद्रावतीच्या माणसाला पुरेल असं नाही." ती पुस्तिका माझ्या गाडीच्या कप्प्यात, प्लॅस्टिकची पिशवीही न फोडलेली, पडून होती.

दारावरची चिठ्ठी

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढण्याआधी मामूंनी हवा मोजायचं छोटं यंत्र आणलं. चारही टायर 25-26 वर होते. निघताना नागपूरच्या एका पंपावरच्या मुलाने "उन्हाळा आहे, कमीच ठेवतो ताई" म्हणून तसं केलं होतं आणि मी त्याचे आभार मानले होते.

मामूंनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि खांबावरची चिठ्ठी दाखवली. मी रोज ते दार उघडत होते, ती चिठ्ठी कधी वाचली नव्हती. दोन माणसं असतील तर 30, गाडी भरलेली असेल तर 33.

"गाडी चालली की हवा तापून दाब तीन-चार अंकांनी वाढतो. कंपनीने तो हिशेबात धरलेला असतो. म्हणून थंड टायरमध्येच मोजायचं. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला दुमडते, दुमडून तापते, आतले थर सुटतात आणि मग टायर फुटतो. लोकांना वाटतं जास्त हवेने फुटला. उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुतेक कमी हवेने, जास्त वजनाने आणि म्हातारपणाने."

टायरचं म्हातारपण कसं ओळखायचं तेही त्यांनी मुलांना दाखवलं. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. खाचा 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या की टायर बाद. खाचांच्या तळाशी असलेल्या उंचवट्यांना रबर टेकलं की समजायचं. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात व्हायला लागले, तेव्हा परिवहन विभागाने घासलेल्या टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात केली, ती यामुळेच. मुलाने नायट्रोजनबद्दल विचारलं. मामू म्हणाले, नायट्रोजन वाईट नाही, थोडा हळू गळतो. पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. कुठली हवा भरली त्यापेक्षा ती किती आहे आणि दर पंधरा दिवसांनी पाहिली का, हे महत्त्वाचं.

मग त्यांचा हात मागच्या डाव्या टायरवर थांबला. बाजूला अंड्याएवढा फुगवटा होता. कधीतरी खड्ड्यात आदळून आतले धागे तुटले होते. त्याच टायरवर, कमी हवेत, सहा माणसं घेऊन मी भर उन्हात सव्वाशे किलोमीटर आले होते. मामू काही बोलले नाहीत. स्टेपनी चढवली आणि नऊ वाजता दुकान उघडल्याबरोबर नवा टायर घ्यायला घेऊन गेले.

विजासनच्या लेण्या

भद्रावतीचं जुनं नाव भांदक. रेल्वे स्टेशनाला आजही भांदकच म्हणतात. बाहेरच्यांना हे गाव आयुध निर्माणी आणि कोळशासाठी माहीत असतं, पण ते फार जुनं आहे. इथे पार्श्वनाथाचं मोठं जैन मंदिर आहे, भद्रनागाचं मंदिर आहे आणि गावाजवळच्या टेकडीत विजासनच्या बौद्ध लेण्या आहेत. ग्रामोदय संघाच्या कुंभारकामाचंही नाव आहे. एवढ्याशा गावात इतक्या धर्मांच्या खुणा शेजारी शेजारी नांदतात, हे मुलांना दाखवावं म्हणून आम्ही तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास लेण्यांकडे गेलो.

गाडी थांबली तेव्हा छोटू मागच्या सीटवर गाढ झोपला होता. रात्रभर त्याने नणंदेला जागवलं होतं. ती म्हणाली, "झोपू दे. काच दोन बोटं खाली ठेवते, गाडी झाडाखाली आहे. दहा मिनिटांत येऊ." मी मान हलवली. मीही माझी मुलं लहान असताना असं केलेलं आहे.

मामू आधी पुढे गेले होते. आम्ही छोटूविना येताना दिसलो तसे ते थांबले. "बच्चा कुठे आहे?" मी सांगितलं. त्या वयातही ते जवळजवळ धावत उतरले, छोटूला उचलून आणलं, आणि मला म्हणाले, "चल, तू गाडीत बस. काच दोन बोटं उघडी ठेव. मी घड्याळ लावतो."

मी बसले. दुसऱ्या मिनिटाला कपाळावरून घाम उतरायला लागला. पाचव्या मिनिटाला श्वास जड झाला आणि मी दार उघडलं. मी मोठी बाई, दार उघडू शकत होते.

बंद गाडीच्या काचांतून ऊन आत येतं आणि आतली हवा तापवतं, ती बाहेर पडत नाही. पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान दहाएक अंशांनी वाढतं. बाहेर 44 असेल तर हिशेब आपणच करावा. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, आणि झाडाची सावली सरकते. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. झोपलेलं मूल रडतही नाही. एसी चालू ठेवून मुलाला आत ठेवणंही धोक्याचं: इंजिन बंद पडू शकतं, मूल गिअरला हात लावू शकतं, आणि बंद जागेत गाडी उभी असेल तर धुराड्यातला विषारी वायू आत येतो. त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.

नणंद छोटूला छातीशी धरून लेण्याच्या तोंडाशी बसून राहिली. आत गेलो. डोंगरात सरळ कोरत नेलेला लांब बोळ, बाजूला आणखी बोळ, आणि शेवटी अंधारात शांत बसलेली बुद्धमूर्ती. बाहेर आग ओकणारं ऊन आणि आत दगडाचा गारवा. हे कोरणाऱ्यांना इथलं ऊन ठाऊक होतं, असं वाटून गेलं. मुलं एरवी गोंगाट करतात, त्या दिवशी कुजबुजत होती. छोटू जागा होऊन आईचा डबा मागायला लागला, तेव्हा कुठे माझे हात थरथरायचे थांबले.

मूलच्या रस्त्यावर रात्र

त्याच संध्याकाळी मूलला खालांकडे दावत होती. चंद्रपूरच्या जटपुरा गेटजवळून मूलच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना जंगल सुरू होतं. जाताना उजेड होता. परतताना इशा होऊन गेली होती, पोट भरलेलं होतं आणि मला डुलकी येत होती. मी काच उघडली, मुलांना गाणी लावायला सांगितलं.

"गाडी थांबव," मागून मामू म्हणाले. "झोपेवर वारा, गाणी, चहा यांचा इलाज दहा मिनिटांचा. झोपेचा इलाज झोपच." एका गावात, उजेडाच्या दुकानासमोर, मी वीस मिनिटं डोळे मिटले. पुढचा रस्ता मामूंनी शेजारी बसून शिकवला.

जंगलात वेग 40-50च्या वर न्यायचा नाही, कारण 80च्या वेगात गाडी दर सेकंदाला 22 मीटर जाते. जनावर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, आणि थांबायला आणखी तीस-पस्तीस मीटर. डिपरचा उजेड साधारण तेवढाच पोचतो. दिसलं तेव्हा उशीर झालेला असतो. अप्पर लावून हॉर्न वाजवला की जनावर पळतं ही समजूत चुकीची. डोळ्यांवर झोत पडला की ते जागीच खिळतं. दिवा डिपरवर घ्यायचा, वेग कमी करायचा, थांबायचं. चारही इंडिकेटर लावून गाडी पळवायची नाही, ते थांबलेल्या गाडीसाठी आहेत.

थोड्या वेळाने एक चितळ रस्ता ओलांडून गेलं. मी गिअर टाकणार तोच मामूंनी हात धरला. "एक गेलं की मागे बाकीची असतात." खरंच, एकामागून एक सहा गेली, शेवटचं पाडस होतं. मुलांनी श्वास रोखून पाहिलं. 2017च्या डिसेंबरात नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ बाजीराव नावाचा मोठा वाघ अशाच एका भरधाव वाहनाखाली मेला. जंगल तिथे आधीपासून आहे, रस्ता नंतर आला.

कोण कुठे बसणार

चौथ्या दिवशी परत निघालो. सामान डिक्कीत भरलं. अम्मी सवयीने पुढे बसल्या आणि छोटूसाठी हात पसरले.

"आपा, त्याला मला द्या," मामू म्हणाले. त्यांनी मोठ्या बहिणीला आजवर उलट बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "पन्नासच्या वेगाने गाडी कशावर आदळली तर हा बारा किलोचा पोरगा त्या क्षणी अडीचशे-तीनशे किलोच्या पोत्यासारखा पुढे जाईल. तुम्ही त्याला धरून ठेवाल असं तुम्हाला वाटतं. कुणीच धरू शकत नाही. आणि समोरची एअरबॅग फुटली तर ती आधी त्याच्यावर येईल."

अम्मी म्हणाल्या, "एवढी वर्षं काही झालं नाही."

"झालं नाही, हा अल्लाहचा फजल. उंट आधी बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत."

मग त्यांनी 4 सप्टेंबर 2022ची आठवण करून दिली. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या महागड्या गाडीला अपघात झाला. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे, मिस्त्री आणि जहांगीर पंडोल, दगावले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. मागे बसलं की पट्ट्याची गरज नाही, ही समजूत देशातल्या सगळ्यात चांगल्या गाडीतही खोटी ठरली. एअरबॅगवर 'एसआरएस' लिहिलेलं असतं, त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थच पूरक. पट्ट्याच्या जोडीला ती असते, पट्ट्याऐवजी नाही. कायद्यानेही मागच्या सीटवर पट्टा सक्तीचा आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर पट्टा नसला, किंवा 14 वर्षांखालच्या मुलाला नीट बांधलेलं नसलं, तर 1,000 रुपये दंड आहे. पण हा प्रश्न दंडाचा नाहीच.

नणंदेला वाटत होतं की पोटावर पट्टा दाबेल. मामींनी पुढे होऊन तिला तो लावून दिला: खालची पट्टी पोटाच्या खाली, मांड्यांच्या सांध्यावर; वरची पट्टी छातीच्या मधून, पोटाच्या बाजूने. अशा पट्ट्याने आई वाचते, आणि आई वाचली तरच बाळ वाचतं.

आम्ही सहा जण होतो आणि पट्टे पाच. मामूंनी माझ्या मोठ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "हा माझ्याजवळ राहील. शुक्रवारी जुमा झाला की मी त्याला एसटीने आणून सोडतो." मुलाला तर हेच हवं होतं. अम्मी मागे बसल्या, छोटू पट्ट्यात जरा कुरकुरला आणि मग खिडकीतून ट्रक मोजू लागला. वरोऱ्याच्या वाटेवर काटा मधोमध स्थिर होता. आनंदवनाला थांबलो तेव्हा छोटू झोपला होता. नणंदेने त्याला खांद्यावर घेतलं आणि सगळे मिळून उतरलो.

नागपूरला आल्यावर पहिल्या आठवड्यात छोटूसाठी मागच्या सीटवर बसवायची मुलांची सीट घेतली. किंमत ऐकून घरात कुरबुर झाली. मी सांगितलं, नव्या फोनपेक्षा स्वस्त आहे. खानदानाच्या ग्रुपवर टाकीच्या स्फोटाचा निरोप पुन्हा आला, तेव्हा उत्तरादाखल मी आमच्या गाडीच्या दारावरच्या चिठ्ठीचा फोटो टाकला आणि विचारलं, तुमच्या गाडीवर किती लिहिलंय? संध्याकाळपर्यंत अकरा फोटो आले. त्यातल्या नऊ जणांनी ती चिठ्ठी पहिल्यांदाच पाहिली होती.

अम्मी आता गाडीत बसल्या की आधी सफरची दुआ पढतात, मग पट्टा ओढतात आणि लागल्याचा आवाज येईपर्यंत दाबतात. मग मागे वळून विचारतात, "सगळ्यांचा लागला?" उत्तर आल्याशिवाय मला किल्ली फिरवू देत नाहीत.